योंकरची जात आणि पाद्रीबाबांचं फाटक

प्रिय हेस्टरताई,

तुला आणि बारेंडभावोजींना ड्रीनाचा नमस्कार. तुमच्या नामिबियात पाऊस झाला का? भावोजींचा गुडघा काय म्हणतो? इकडे कारूच्या माळरानावर सगळे धडधाकट आहेत, मेंढ्यांसकट. माझ्या छातीत तेवढं सारखं धडधडतंय.

कारण योंकर. तू पाठवलेलं ते आईवेगळं झेब्र्याचं पिल्लू (मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं, गील म्हणतो, मी नवरा असून मला कधी इतक्या मायेनं कॉफी मिळाली नाही) आता दांडगा नर झालाय. शेजारच्या कुरणात सरकारनं सांभाळायला दिलेल्या केपच्या डोंगरी झेब्र्यांच्या माद्या. मधे एक फाटक. गीलनं मेंढ्या न्यायला ते उघडलं आणि तेवढ्यात पाद्रीबाबा गाडी घेऊन आले. आपली रीत तुला ठाऊकच आहे, दुसऱ्याच्या शेतातलं फाटक जसं सापडेल तसंच सोडायचं. त्यांनी उघडंच सोडलं. योंकर आत गेला. आता सान्ना नावाची मादी गाभण आहे! (पाद्रीबाबा म्हणतात, मी रीत पाळली. देवाच्या माणसाला काय बोलणार?)

काल सरकारी साहेब दोन प्राध्यापक घेऊन आला. त्यातले म्हातारे म्हणाले, तुमचा नामिबियाचा आणि आमचा केपचा डोंगरी झेब्रा एकच प्रजाती, उपप्रजाती दोन. एका कुळाच्या दोन शाखा. तरुण बाई म्हणाल्या, छे, सरळ दोन प्रजाती! पट्टे बघा. शिवाय केपची मादी नरापेक्षा थोराड, नामिबियातला नर मादीपेक्षा थोराड. मी गीलकडे पाहिलं (तो माझ्या खांद्याला लागतो) आणि मला तुझे ताडमाड भावोजी आठवले. म्हणजे ताई, एका आईच्या पोटच्या आपण दोघी वेगळ्या प्रजातीत गेलो की गं!

मी मनात देवाचा धावा करत होते, एकच कुळ ठरू दे. घरातल्या घरात सोयरीक झाली तर गुन्हा कसला? म्हाताऱ्यांच्या बशीत टोस्टांचा ढीग केला, बाईंना एकच दिला. शेवटी साहेब म्हणाला, "मावशी, एक म्हणा की दोन म्हणा, सरमिसळ चालायची नाही. नर जिल्ह्याबाहेर काढा, नाहीतर गोळी. आणि पिल्लू झालं तर तेही ठेवता येणार नाही." इकडे आड, तिकडे विहीर. टोस्ट फुकट गेले.

मला अन्न गोड लागत नाही. योंकर अजून सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तोंड घालून बाटली शोधतो. त्याला गोळी?

तुझी धाकटी,
ड्रीना

ता. क. गील शेजारी बसून सांगतोय म्हणून लिहिते: शनिवारी ट्रक पाठव. योंकर तुमच्या डोंगरात परत जाऊ दे.

ता. क. २. गील मेंढ्यांकडे गेला. ट्रक मोठा पाठव. योंकर एकटा चढायचा नाही, सान्ना पुढे असली तर चढेल. आणि तिच्या पोटातल्या जिवाला इथे कोण जगू देणार? पण सरकारी जनावर मी कशाला चोरेन बाई! मी फक्त फाटकं उघडी ठेवणार आहे. ड्रायव्हरला सांग, जशी सापडतील तशीच सोड आणि मागे किती शेपट्या आहेत ते बघू नकोस.

ता. क. ३. शनिवारी पाद्रीबाबांनाही जेवायला बोलावलंय. सान्नाच्या कुरणाचं फाटक त्यांच्याच वाटेवर आहे.