शेवटच्या डब्याचं चपटं चाक

बाबा, तुमच्या आगगाडीच्या चारही डब्यांना मी नवी चाकं बसवली. तुमच्या हातचे रूळ पेटीत गंजून गेले होते, म्हणून तयार रूळ मागवले. ते बोटभर नाही, पण केसभर अरुंद निघाले आणि तुमची पितळी चाकं त्यांच्यावर बसेनात. आईला आता दिसत नाही. तिला फक्त डबे चालताना ऐकायचे होते. हैदराबादच्या दुकानदाराशी मी तीनदा फोनवर बोलले. तो म्हणाला, "मैडम, प्लास्टिक के ले लो, बिलकुल आवाज नहीं करेंगे." मी म्हटलं, आवाजच हवा आहे. तो म्हणाला, मग पितळेची घ्या, पण आधी दोन चाकांना जोडणारी दांडी मोजून सांगा. ती मोजायला म्हणून मी शेवटच्या डब्याची मागची जोडी बाहेर काढली. इतकी वर्षं मी तिला हात लावायचं टाळत आले होते.

तुम्ही कापसाच्या जिनिंग मिलच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होतात. आदिलाबादेत कापसाचा हंगाम सुरू झाला की तुम्ही घरी फक्त जेवायला यायचात, आणि तुमच्या दुपट्ट्याला, बोटांना, भाकरीच्या तुकड्यालासुद्धा लेथच्या तेलाचा वास असायचा. मला तो वास आवडायचा. मोडीतल्या पितळेतून तुम्ही सोळा चाकं काढली, हलक्या लाकडाचे डबे केले, आणि इंजिन केलंच नाही. ओढायला दोरी होती, ओढणारी मी होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसवून तुम्ही मला धातू घासायची कानस धरायला शिकवलं तो दिवस तर आत्ताही समोर आहे. मी ती करवतीसारखी पुढंमागं चालवते आहे आणि तुम्ही माझं मनगट पकडता. "पुढं ढकलाची, मांगं येताना उचलून घ्याची, बाई. मांगं घासली का दात मरतात तिचे." मी गाल फुगवते. तुम्ही हसत नाही. कामाच्या बाबतीत तुम्ही कधीच हसत नव्हतात.

मग मिलच्या मालकांनी, शेठजींनी ते डबे पाहिले आणि त्यांना ते ऑफिसातल्या काचेच्या कपाटात हवे झाले. तुम्ही लगेच हो म्हणालात. मला कोणी विचारलं नाही. मी दहा वर्षांची होते आणि मला एवढंच कळत होतं की गाडी खराब निघाली तर ती परत येईल. भर दुपारी आई शेजारी वड्या घालायला गेली होती. मी तुमची कानस घेतली आणि शेवटच्या डब्याचं एक चाक एका जागी चपटं होईपर्यंत घासलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सोबत नेलंत. सगळं वर्कशॉप गोळा झालं होतं. शेठजींनी टेबलावर गाडी ओढली आणि शेवटचा डबा टक, टक करत चालला. "मिस्त्री, तुम्हारा डिब्बा तो लंगड़ा रहा है." लोक हसले. तुम्ही तो डबा उचललात, उलटा केलात आणि चाकावरून अंगठा फिरवलात. मग म्हणालात, "माह्याच हातून चुकलं शेठजी. नजर आता पैलेसारखी नाई राह्यली."

गाडी घरी आली. माझ्या मनासारखं झालं. पण तुमचं ते वाक्य शेठजींनी लक्षात ठेवलं. पुढच्या हंगामात लेथवर दुसरा माणूस आला आणि तुम्हाला गेटवर बसवलं, कापसाच्या गाड्या आत सोडायला. तुमच्या हाताला तेलाचा वास येईनासा झाला. तुम्ही साबणानं हात धुवून जेवायला बसायचात. ते चाक मात्र तुम्ही बदललं नाही. रविवारी मी गाडी ओढायची, टक वाजायचं, आणि मी वर पाहिलं की तुम्ही माझ्याकडेच पाहत असायचात. तुम्ही गेल्यावरही ते थांबलं नाही. तलमडुगूला मी नोकरी करते त्या ऑफिसात माझ्या डोक्यावरचा पंखा तस्साच वाजतो. लोक म्हणतात, बाई, मेकॅनिकला बोलवा. मी बोलावत नाही. तो वाजायला लागला की मी दाराकडे पाहते.

तर ती जोडी मी चिंचेनं घासून लख्ख केली आणि माप नीट दिसावं म्हणून भिंगाखाली धरली. लेथच्या रेषा चाकाभोवती गोल जातात. चपट्या जागेवरच्या रेषा आडव्या होत्या. सगळ्या एकाच दिशेच्या. मागे येताना कानस उचलून घेतलेली होती.

म्हणजे अंगठा फिरवलात तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. घरात तशी कानस चालवणारी तुमच्याशिवाय मी एकटीच होते. बाबा, मला तुमचा इतका राग आला. सगळ्यांसमोर एक थोबाडीत मारली असतीत तर मी ती सोसली असती. तुम्ही तुमचा हात देऊन टाकलात आणि मला काहीच फेडता येऊ दिलं नाही.

नवी चाकं आली. काल सकाळी मी आईच्या खाटेजवळ रूळ मांडले आणि दोरी तिच्या हातात दिली. डबे गुळगुळीत गेले. ती दोरी ओढत राहिली, मग थांबली. "हे आपले डबे नाई वाटत. मांगचा डबा काऊन वाजून नाई राह्यला?" मी म्हटलं, जरा थांब, तेल घालून आणते. स्वयंपाकघरात आले. तुमची कानस अजून तिथल्याच पत्र्याच्या डब्यात आहे. उंबऱ्यावर बसले आणि मागच्या डब्याच्या एका नव्या चाकाला लावली, पुढं ढकलायची, मागं येताना उचलायची. आईनं पुन्हा दोरी ओढली तेव्हा टक वाजलं आणि ती म्हणाली, "हां. आता आले." कोण, ते मी विचारलं नाही.

तिला मी अजूनही काही सांगितलेलं नाही. हे पत्र मी तुमच्या जुन्या चाकांच्या पुडीला गुंडाळून ठेवणार आहे, ते कुठे जाणार नाही. आणि एक सांगते, काल कानस उचलण्याआधी, घरात आंधळ्या आईशिवाय कोणी नसताना, मी बाहेरचं दार लावून घेतलं होतं.