साखरसाहेब दोघांना खेळवतात

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवा. माझी तब्येत उत्तम आहे. मंगळवारी दुपारी तासभर नव्हती, त्याचीच ही हकिकत. मला इंग्रजी तुम्ही शिकवलंत, तेव्हा अर्धा दोष तुमच्याकडे येतो. (उरलेला अर्धा मी मोठ्या मनाने घेतला आहे.)

आमच्या बटणांच्या कारखान्याचे मालक दोन, सख्खे भाऊ. व्हरांड्याच्या एका टोकाला थोरले बसतात, दुसऱ्याला धाकटे, आणि दोन वर्षं दोघांत अवाक्षर नव्हतं. मधल्या खोलीत मॅनेजर. ते इतकं गोड बोलत की आम्ही त्यांना साखरसाहेब म्हणायचो. एकाचा निरोप दुसऱ्याला तेच पोचवत. (पोचेपर्यंत निरोपाचं काय होई, ते पुढे येईलच.) नवं मशीन बसवायला परदेशातून एक इंजिनियर आला होता. महिनाभर राहिला आणि जाताना दोन्ही मालकांच्या नावे इंग्रजी पत्र ठेवून गेला. पत्रव्यवहार माझ्याकडे, म्हणून भाषांतरही माझ्याच गळ्यात. मशीनचा भाग सोपा होता. शेवटी मात्र लिहिलं होतं की मॅनेजर तुम्हा भावांना 'प्ले ऑफ अगेन्स्ट ईच अदर' करतात, आणि पुढे 'बोथ एंड्स अगेन्स्ट द मिडल' असंही काहीतरी. प्ले म्हणजे खेळणं, हे तुमचंच शिकवणं. मला वाटलं, जेवणाच्या सुट्टीत दार लावून कॅरम चालत असेल. मोठ्या लोकांचं आपल्याला काय कळतं! मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, की आपले मॅनेजर आपणा दोघा बंधूंना एकमेकांविरुद्ध खेळवतात व मध्ये राहून दोन्ही टोकं सांभाळतात. वर पदरचं एक वाक्य घातलं, की ही खिलाडूवृत्ती कौतुकास्पद आहे. दोन प्रती दोन टेबलांवर ठेवल्या आणि चहाला गेलो.

चहा पिता पिता हे मी टेलिफोनवाल्या बाईंना ऐकवलं. त्यांनी कपाटातला कोश काढला. पहिल्याचा अर्थ, आपल्या फायद्यासाठी दोघांत लावून देणं. दुसऱ्याचा, दोन्ही बाजूंना झुंजवत ठेवून आपली पोळी भाजून घेणं. मामा, मॅनेजरच्या लबाडीचं कौतुक मी मालकांच्या टेबलावर ठेवून आलो होतो! नोकरी गेली असं धरूनच मी प्रती परत आणायला धावलो.

थोरल्यांची खोली रिकामी. ते धाकट्यांच्या खोलीत होते, दोन वर्षांत पहिल्यांदा. मी दाराशीच थिजलो.

"मी तुझ्याविरुद्ध कधी खेळलो रे?" थोरले विचारत होते.

"तेच मी विचारणार होतो," धाकटे म्हणाले. "तू तर माझं तोंडही बघणार नाहीस म्हणालास ना?"

"असं कोण म्हणालं?"

"आपले मॅनेजर."

"आणि मला ते म्हणाले, तू गुपचूप आपला वाटा विकायला काढलायस!"

थोरल्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. धाकट्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि "बस दादा" एवढंच म्हणाले. (मी बाहेर नाक पुसलं. सर्दी होती.)

साखरसाहेबांनी संध्याकाळच्या आत राजीनामा दिला, तोही फार गोड भाषेत. मी चूक कबूल करायला तोंड उघडलं, तर थोरल्यांनी पाठीवर थाप मारली. "शब्दाला शब्द ठेवलास. दुसऱ्या कुणी घाबरून अर्थ झाकला असता. आणि खिलाडूवृत्तीचा तो टोमणा! वा!" मी तोंड मिटलं. तेव्हापासून अन्न गोड लागतं आहे आणि झोप अशी लागते, की गजर शेजारच्यांना बंद करावा लागतो.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता. क. : तुमचा आणि मामींचा महिनाभर अबोला आहे, असं आईकडून कळलं. मी सोमवारपासून पंधरा दिवस तुमच्याकडे राहायला येतो आहे, आणि मुक्या घरात माझ्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून कळवतो, की मामींनी आपली चूक मान्य केली आहे. तुम्ही फक्त चहा करून न्या.

दुसरा ता. क. : तुम्हीही आपली चूक मान्य केल्याचं मी मामींना निराळ्या पत्राने कळवलं आहे. दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचू नयेत, ही नम्र विनंती.