आकाशच्या डोक्याला बसलेला मार

६ एप्रिल
आकाश आज घराचा रस्ता चुकला! पडेगावात जन्मलेला माणूस. पहाटे दौलताबाद रोडला पळायला गेला, तो उन्हं वर आल्यावर रिक्षातून परत. आईला म्हणाला, "ऊन लागलं." मग मला बाजूला घेऊन — "ताई, कुणाला बोलू नको. रस्त्यावरच्या पाटीसमोर उभा होतो, पण वाचताच येईना."

७ एप्रिल
डोक्यातून जातच नाही.
कॅनडाला शिकायला गेला होता हा. इथं कॉलेजात रग्बी खेळायचा, तिथंही खेळला, ते बघून तिथल्या एका टीमनं घेतलं. आता पगारी खेळाडू, मोसम संपला की सुट्टीला घरी येतो. कॅनेडियन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नाय — अंड्यासारखा चेंडू, डोक्यावर हेल्मेट, अन् समोरच्याला जाऊन धडकायचं. आकाशचं कामच ते. किक बसली की सुसाट पळत जायचं, चेंडूवाल्याला आडवं पाडायचं. आई मोबाइलवर बघताना तोंडात पदर धरते.
मागच्या सप्टेंबरात एकदा पडला तो बराच वेळ उठलाच नव्हता. आम्हाला म्हणाला, "मान लचकली."

१४ एप्रिल
जयंती. चौकातल्या बॅनरवर बाबासाहेब, अन् खाली कोपऱ्यात आमचा आकाश — हेल्मेट काखेत! पोरं त्याच्यासोबत सेल्फी घेत होती. डीजे सुरू झाला तसा कान दाबून घरात पळाला, मोरीत ओकला.
आई म्हणाली, "उन्हाचं काही खाल्लं असंल."
मी मोरी धुतली.

१९ एप्रिल
शेवटी ओढतच मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर सरळ म्हणाले, "परत असा मार बसला तर हा घरच्यांना ओळखेल का, तेही सांगता येणार नाही. खेळ थांबवा."
बाहेर आल्यावर मी म्हटलं, "टीमच्या डॉक्टरला सांग."
"सांगितलं की संपलं, ताई. यंदा पहिल्या फळीत घेणारेत मला. एवढी वर्षं कशासाठी मार खाल्ला?"
"अन् डोकं?"
"माझं डोकं आहे. मी बघीन."
वर आईची शपथ घातली — कुणाला सांगायचं नाय.

३ मे
गेला. चिकलठाण्याला विमानतळावर आईच्या गळ्यात पडून हसला. मला नुसतं म्हणाला, "शपथ!"

५ मे
सरावाच्या कॅम्पच्या आधी टीमच्या डॉक्टरची तपासणी असते म्हणे. हा तिथं तोंड उघडणार नाही. ताप अंगावर काढून मॅच खेळणारा हा. मला माहितंय ना.

६ मे
केला फोन. टीमच्या ऑफिसला. माझं मोडकंतोडकं इंग्रजी — पण सगळं सांगितलं. रस्ता चुकला ते, ओकला ते, डॉक्टर काय म्हणाले ते. पलीकडची बाई चांगली वाटली. डॉक्टरांना कळवते म्हणाली.
तो आता माझ्याशी बोलणार नाही. नको बोलू दे. धड तर राहील!

७ मे
फोन नाही.

८ मे
नाही. आई विचारते, "भांडलात का गं?"

९ मे
आकाशचा फोन. ओरडला नाही.
"ताई, विमानातच ठरवलं होतं — आपणच सांगून टाकायचं. आज डॉक्टरसमोर बसलो. बोलायला लागलो, तर ते म्हणाले, आम्हाला कळलंय. तुझ्या बहिणीनं सांगितलं."
आईला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन घेऊन बाहेर आले.
"एवढं तरी माझं मला करू द्यायचं होतंस."