भुवईवरचा वण

आई, भिंतीवरचा तुझा फोटो तुझा नाही, हे मला मागच्या रविवारी दुपारी कळलं. मी सात वर्षांचा असताना तू गेलीस. आता मी सव्वीसचा आहे. म्हणजे एकोणीस वर्षं ज्या बाईला हात जोडून मी शाळेला गेलो, शाळा सोडली, गाव सोडलं, ती दुसरीच कुणीतरी होती. दुसरी म्हणजे तुझीच थोरली बहीण, पण तरी दुसरीच. हे कळल्यापासून मी जेवतोय, कामावर जातोय, कुणी काही बोललं तर हसतोयसुद्धा, पण कानाखाली बसल्यावर कान जसा वाजत राहतो तसं आत काहीतरी वाजत राहिलंय. परवा कोपरा उडालेली फरशी माझ्या डोळ्यांदेखत पुढं गेली आणि मी खूण केली नाही. सुपरवायझर म्हणाला, बरं वाटत नसेल तर खोलीवर जा. मी म्हणालो, बरं आहे. आता त्याला काय सांगू, आईचा फोटो चुकीचा निघाला म्हणून?

तुला माहीत नसणार, मी गुजरातमध्ये मोरबीला असतो, फरश्यांच्या कारखान्यात. भट्टीतून निघालेल्या फरश्या पट्ट्यावरून सरकत येतात आणि मी दिव्याखाली उभा राहून त्यांच्यातली खोट शोधतो. केसाएवढी चीर, रंगात फरक, कडेचा टवका. दिसलं की खडूनं रेघ मारायची. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाला हे काम चांगलं जमतं, कारण त्याला फक्त डोळे लागतात. त्याआधी सोलापुरात गॅरेजमध्ये होतो, मग पुण्यात, मग वापीला. कुठंच वर्ष भरलं नाही. एकच गोष्ट मी धरली आणि अजून सोडली नाही, ती म्हणजे माझी वेबसाईट. ती काय असते ते तुला कसं सांगू? समज, तुला गावाबाहेर एक भिंत दिली, आणि सांगितलं की हवी तशी सारव, हवी ती चित्रं काढ, जगात कुणीही कुठनंही ती बघू शकेल. बघत कुणी नाही, तो भाग वेगळा. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियननं नवा लॅपटॉप घेतला आणि जुना मला दिला, त्यावर व्हिडिओ बघून बघून शिकलो. इंग्रजी येत नाही, पण कुठला शब्द लिहिला की काय हलतं ते पाठ झालं. एक टिंब चुकलं की सगळं पान ढासळतं, आणि ते टिंब सापडलं की जे बरं वाटतं ते मला आजवर कुठल्या कामात वाटलेलं नाही. चार पानं आहेत. एक माझं, एक फरश्यांच्या नक्ष्यांचं, एक आपल्या मंद्रूपच्या बाजाराचं, आणि एक तुझं. दर सुटीला मी काहीतरी बदलतो. अक्षर बदलतो, मागचा रंग बदलतो, फोटो आणि चौकट यांच्यातली जागा एक बोटभर कमी करतो, मग परत वाढवतो. खोलीतला पार्टनर बिहारचा आहे. तो म्हणतो, "फिर से रंग बदल दिया? कल वाला ठीक था." मी त्याला म्हणतो, कालचा ठीक होता म्हणूनच बदलला.

ही खोड जुनी आहे, तुला ठाऊक आहे. तू शेतात गेलीस की मी भिंतीवरच्या मांडणीतले सगळे डबे खाली काढायचो आणि माझ्या मनानं परत लावायचो. कधी उंचीनं, कधी ज्याला चकाकी जास्त तो पुढं. एकदा मिठाचा डबा साखरेच्या जागी गेला. तू नेहमीच्या सवयीनं न बघता हात घातलास, आणि आप्पा तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. कप ठेवून म्हणाले, "आज समुद्राचं पानी आनलंस का?" तू माझ्याकडं बघितलंस. "तुझं हात सुखानं ऱ्हाईनात व्हय रं?" म्हणालीस, आणि पुढं कानडीत काहीतरी म्हणालीस, जे तू फक्त रागात किंवा मावशीशी बोलायचीस. मग पाठ फिरवून हसलीस. चुलीपाशी तुझे खांदे हलत होते. तो दिवस मी इतक्या वेळा आठवलाय की त्यातला धूरसुद्धा मला ओळखतो.

तर तुझं पान. दोन दिवाळ्यांमागं घरी गेलो तेव्हा भिंतीवरचा फोटो उतरवून, काच काढून, मी मोबाईलवर त्याचा फोटो घेतला. तोच फोटो: मरून साडी, जरीचा काठ, रुपयाएवढं कुंकू, मागं निळा पडदा. तो पानावर लावला आणि खाली फक्त 'आई' लिहिलं. दोन वर्षं मी त्याच्याशी खेळत होतो. गोल कापला, मग परत चौकोनी केला. कडेला सावली दिली, काढली. मागच्या महिन्यात मी फोटोतला उजेड कमीजास्त करून बघत होतो, तेव्हा डाव्या भुवईचा रंग बाकी फोटोपासून वेगळा व्हायला लागला. केस काळे होते ते तपकिरी झाले आणि भुवई मात्र निळसर झाली. फरशीवर असा फरक दिसला की आम्हाला कळतं, वरून रंग मारलाय. आणखी उजेड वाढवला तर त्या रंगाखाली खरी भुवई दिसली. मधोमध तुटलेली. जुना वण.

मला काय झालं ते सांगतो. मी खुर्चीवरून उठलो आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मेलेल्या माणसाचं नवीन काही येत नसतं. आहे तेवढंच उलटंपालटं करायचं असतं. आणि इथं मला तुझं काहीतरी नवं सापडलं होतं, जे आप्पांनी कधी सांगितलं नाही आणि फोटोवाल्यानं बुजवलं होतं. मी रंग काढून टाकला, फोटो जवळून कापला, वण मधोमध येईल असा केला, आणि पानाच्या अगदी वर लावला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. दोन वर्षांत पहिल्यांदा ते पान मला पुरं झाल्यासारखं वाटलं. पार्टनरही म्हणाला, "अब इसको मत छूना." मग वाटलं, हे कसं लागलं ते तुझ्या लहानपणीचं माणूसच सांगेल. मावशी अक्कलकोटकडं दिली आहे, वर्षा-दोन वर्षांत एकदा भेटते. आता जाडी झाली, चष्मा लागला, दात गेले. तिला पान पाठवलं. रविवारी दुपारी तिचाच व्हिडिओ कॉल आला.

"हे काय लावलंयस रं मोबाईलवर?"

"आईचं पान हाय. भुवई बग की मावशी. तितं काय लागलं हुतं आईला?"

मावशीच्या मागं तिची सून भांडी लावत होती, तिला तिनं हातानंच बाहेर जायला सांगितलं.

"आप्पाला इचारलंस का?"

"आप्पाला काय इचारायचं? ल्हानपणचं तुलाच ठावं असणार."

"तसं न्हवं, मगा."

मगा म्हणजे लेकरा, तूही म्हणायचीस. मग तिनं चष्मा काढला आणि मोबाईल एकदम तोंडाजवळ आणला.

"दिसतंय का?"

"निसतं कपाळच दिसतंय. जरा मागं घे."

"त्येच बग."

माझ्या हातात मोबाईल होता आणि समोर लॅपटॉपवर तुझं पान उघडं होतं. दोन्हीकडं एकच भुवई. त्याच जागी तुटलेली, त्याच तिरकसपणानं. एकीकडचे केस पांढरे झालेले, बस. मी दिवसाला हजारो फरश्या जुळवून बघतो आई, जोडी ओळखायला मला वेळ लागत नाही. पण त्या दिवशी मी तिला तीनदा म्हणालो, परत दाखव.

"हिरीच्या पायरीवर पडले हुते," मावशी सांगत होती. "रगत बगून मी गपगार. तुझी आय माझ्यापरास ल्हान, पर पाठकुळी घिऊन मला घरापातूर आली. तिच्या तोंडावर कसला डाग न्हवता लेकरा, साफ हुतं तोंड. म्हणून तर त्या फोटूवाल्यानं माझी भुवई रंगवली. साडीबी त्यानंच रंगवली, माझी साधी हिरवी हुती, जत्रंतला फोटू त्यो."

"मग इतक्या वर्सात सांगितलं का न्हाईस?"

"कवा सांगू? मी तुमच्याकडं आले की तू माज्याम्होरंच त्याला हात जोडायचास. तवा काय म्हणू, मी हितं बसलीया म्हणून?"

ती हे बोलून स्वतःच हसली आणि मग डोळे पुसायला लागली. मी तसाच फोन ठेवला, ते बरोबर केलं नाही.

लगेच आप्पांना लावला. ते आपल्या पिठाच्या गिरणीत होते. "मोठ्यानं बोल की," म्हणाले. मी ओरडलो, "भितीवरचा फोटू मावशीचा हाय व्हय?" पार्टनर झोपेतून उठून बसला. तिकडं गिरणीचा आवाज मंद मंद होत गेला आणि थांबला. दळण चालू असताना आप्पा गिरणी थांबवत नाहीत, तुला माहीत आहे. तू गेलीस त्या दिवशी थांबवली असेल.

"कुनी सांगितलं?"

"मावशीनं."

"बरं."

"बरं काय, आप्पा?"

"बरं म्हंजी, आज न्हाय उद्या कळनारच हुतं." मग ते सावकाश बोलायला लागले. इतकं सलग मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "तेराव्याला पाव्हनं येनार. पाटावर काय ठिवायचं, निसता तांब्या? लग्नातला एक फोटू, त्यात मुंडावळ्या आन् खाली मान. मतदानाच्या कार्डावर तर निसतं काळं. सोलापूरला शुक्रवार पेठंत फोटूवाल्याकडं गेलो. त्यो म्हनला, बहीन हाय का? बहिनीचा आना, करून देतो. लई जनांचं करून दिलंय म्हनला."

"आन् कुनाला कळलं न्हाय?"

"तुलाच कळलं."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही.

"पाट मांडला, हार घातला, आन् तू सगळ्यांम्होरं म्हनलास, ही तर मावशी हाय, आईचा फोटू कुटं हाय. दोनदा म्हनलास. तिसऱ्यांदा म्हनायच्या आत तुला मागल्या दारी नेलं आन् मारलं. त्येवढंच एकदा मारलंय मी तुला." मग त्यांनीच विचारलं, "लई लागलं हुतं का रं?"

मी म्हणालो, आठवत नाही. खरंच आठवत नाही. मागलं दार आठवतं, तिथला दगड आठवतो, तो दिवस नाही.

"मग म्हैन्याभरात तूच त्याला आई म्हनाय लागलास," आप्पा म्हणाले. "मला वाटलं, बरं झालं, इसरलं पोरगं." मग म्हणाले, दळण पडलंय, बायका थांबल्यात, आणि गिरणी परत सुरू झाली.

मला धक्का कशाचा बसलाय ते मी चार दिवस शोधतोय. आप्पांचा राग येत नाही. दारात पाहुणे असताना पाट मोकळा कुणीच ठेवणार नाही. फोटोवाल्याचाही नाही, त्यानं तर भुवई किती हौसेनं रंगवली होती. मला माझा धक्का बसलाय. मला कळलं होतं आई. सगळ्या मांडवात एका मलाच कळलं होतं, आणि मी ते एका महिन्यात पुसून टाकलं. खात्री करायला मी डोळे मिटून तो मिठाच्या चहाचा दिवस काढला. चूल आहे, धूर आहे, तू पाठ फिरवतेस, खांदे हलतात, आणि मग तू वळतेस तर अंगावर मरून साडी, जरीचा काठ. चुलीपुढं जरीचा काठ कोण नेसतं? कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी तिथंही तोच फोटो नेऊन लावलाय. दुसरा दिवस काढला, तिसरा काढला, सगळीकडं तीच वळून बघते. हात मात्र तुझे आहेत. नखात अडकलेलं पीठ, अंगठ्याला विळ्यानं कापलेलं, ते मावशीचं नाही, फोटो परत बघून खात्री केली, त्यात हात आलेलेच नाहीत. मनगटाच्या वर तू कुठं गेलीस ते मला सापडत नाही.

आप्पांनी लग्नाचा फोटो मोबाईलवर पाठवलाय, शेजारच्या पोराकडून काढून घेतलेला. त्यात तुझा भांग दिसतो, मुंडावळ्या दिसतात, आणि हनुवटी असेल असं वाटणारी एक सावली. मतदानाच्या कार्डाचाही पाठवला. त्याचा उजेड मी जेवढा वाढवता येतो तेवढा वाढवला. काळ्यातून फक्त दोन पांढरे ठिपके आले, तुझ्या कानातले. तेवढी दोन फुलं खरी तुझी आहेत. काल जेवणाच्या सुटीत मी पानावरून मावशीला उतरवलं आणि मान खाली घातलेली तू लावलीस... म्हणजे मी लावली. बघ, लिहिता लिहिता काय होतंय. नीट बसवली, कडेला जागा सोडली, मागं पांढरा रंग ठेवला. चांगलं दिसत होतं.

हे पत्र मी कुठल्या पानावर लावणार नाही आणि मावशीला किंवा आप्पांना वाचून दाखवणार नाही. पण तुला एक सांगून ठेवतो. हे लिहायला बसलो तेव्हा समोर तो तुझा खरा फोटो उघडून ठेवला होता, खाली मान घातलेला. अर्धा तास बसलो, 'आई' या शब्दाच्या पुढं एक ओळ गेली नाही. मग मी मावशीला परत लावलं, तिच्याकडं बघितलं, आणि हे सगळं लिहून झालं.