नवं ठेवलं, जुनं दिलं

३ फेब्रुवारी, सोमवार

हे होते तेव्हाची एक सकाळ. त्या दिवशी पाणी लवकर आलं होतं. आधी हंडे भरले, मग दोन्ही गाईंच्या धारा काढल्या, डेअरीची किटली फाटकापाशी नेऊन ठेवली आणि अंगण झाडायला घेतलं, तर हे गाडीपाशी उकिडवे बसलेले. मी म्हणाले, सरका, खालचं झाडायचंय. सरकले नाहीत. कार्बोरेटरवरचं बारकं बटण पेट्रोल ओघळेपर्यंत दाबलं, उठले, किक मारली. दुसऱ्या किकला गाडी बोलली. ओघळलेल्या पेट्रोलवर मी माती टाकली आणि झाडून काढलं. एवढंच. तशा हजार सकाळी झाल्या असतील. आज हीच का आठवली, कोण जाणे.

आठवायला कारण झालं ते दुपारी. धाकटे दीर, भाऊसाहेब, आले. पुण्याकडचा एक हॉटेलवाला त्यांना भेटलाय. हायवेवर हॉटेल आहे, दारात जुनी इंग्लिश मोटारसायकल उभी करायची आहे त्याला. चालली नाही तरी चालेल म्हणतो.

गाडी सासऱ्यांनी नगरला मिलिटरीच्या लिलावात घेतलेली. काळा रंग खरवडला तर खाली अजून हिरवा निघतो. वाटणीत जमीन, विहिरीच्या पाळ्या, तांब्याची भांडी, सगळं लिहिलं. गाडी लिहायची राहिली. तेव्हा भा.सा.चा हक्क आहेच. मी नाही म्हणत नाही.

"वहिनी, दीड वरीस बंद हाय. उंदरं सीट खात्यात. तिथं काचंत तरी ऱ्हाईल."
"आणि चालू झाली तर?"
"चालती गाडी दारातनं कोन काढतंय? मीच त्याला न्हाई म्हनतो. पन चालती म्हंजी चालती. किक मारून धूर दाखवायचा न्हाई."

ठरलं ते असं. पाडव्याच्या आत इथून, शेवगावहून, पांढरीपुलापर्यंत आणि परत, मध्ये बंद न पडता. गेली तर गाडी घरात. नाहीतर हॉटेलात. मी कबूल म्हणाले.

कबूल म्हणाले खरी, पण ह्यांच्या शेवटच्या वर्षात ती एकदाही न थांबता पांढरीपुलापर्यंत गेली नव्हती. गार असताना वाघीण. गरम झाली की मिरी गावाच्या पुढे रुसायची. हे टपरीवर दोन चहा पीत, तिच्याकडे बघत बसायचे. मला म्हणायचे, "तुझ्यासारखीच आहे. निवल्याशिवाय बोलत नाही."

६ फेब्रुवारी, गुरुवार

गफूरभाई नगरहून आले. ह्यांचे चाळीस वर्षांपासूनचे मिस्त्री, ह्यांना अण्णा म्हणायचे. सत्तरी ओलांडली, हात अजून स्थिर. आपले पाने ह्या गाडीला बसत नाहीत, इंग्रजी मापाचे लागतात. ते ह्यांच्या पेटीत होतेच.

मॅग्नेटो काढून उघडला. ठिणगी तयार करणारा डबा तो. आत एक काळी रिंग असते, तान्ह्या मुलाच्या बांगडीएवढी. ठिणगी तिच्यावरून प्लगकडे जाते. रिंगला तडा गेलाय. गरम झाली की तडा उघडतो आणि ठिणगी तिथूनच पळते.

मी मोठ्या ऐटीत कपाटातून तीन नव्या रिंगा आणल्या. चकचकीत, खोक्यांत. गफूरभाईंनी खोकी हातात घेतली, झाकणं उघडली आणि हसले. पण ते हसू बरं नव्हतं.

"भाभी, झाकन आतून बघा."

तिन्ही झाकणांच्या आत पेन्सिलीनं ह्यांचं अक्षर. नापास. नापास. नापास, गरम होताच मऊ.

"हे समदे डुप्लिकेट. अण्णांनी लावून, बघून काढलेले. अस्सल रिंग तर मी दिलेली त्यांना, शेवटी शेवटी; बसवायची राहिली. मिलिटरीच्या मालातली. मेणकापडात होती, पत्र्याच्या डब्यात. तो डबा आणा."

तो डबा घरात नव्हता.

हे गेले त्यानंतरच्या दिवाळीत सण नव्हता. पण हाताला काम हवं होतं म्हणून पडवी आवरली. नवी खोकी पुसून कपाटात ठेवली. जुने, काळे, चिंध्यांत गुंडाळलेले तुकडे डब्यासकट भंगारवाल्याला दिले. नवं ते चांगलं आणि जुनं ते झिजलेलं, असं मला वाटलं. ह्यांचं सगळं उलटं होतं. चांगलं ते जुनं, आणि नवं ते फक्त पुन्हा चुकून घेऊ नये म्हणून ठेवलेलं.

गफूरभाईंना सांगितलं. त्यांनी चहा मागितला.

मेणकापड मात्र मी ठेवलं होतं. लोणच्याच्या बरणीवर बांधलंय.

७ फेब्रुवारी

भंगारवाल्याकडे गेले. नेवासा रोडला. माणूस चांगला आहे.

"ताई, कवाचा माल म्हनता?"
"मागच्याच्या मागच्या दिवाळीतला."
"मंग न्हाई सापडायचा. हितून समदं जालन्याला जातंय, भट्टीत. आतापत्तुर त्याची सळई झाली आसंल. कुनाच्या तरी स्लॅबमधी."

तरी त्यानं मला ढिगातून फिरू दिलं. तासभर फिरले. कशासाठी, माहीत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गफूरभाईंचा फोन. बॅटरी आणि कॉइल लावतो म्हणतात. दोन दिवसांत चालू, पुण्यापर्यंत पळेल.

विचारलं, ह्यांनी का नाही लावली?

"लई वेळा म्हनलो. केसिंगला भोकं पाडावी लागतील, म्हनून नको म्हनले."

"मग मीही नको म्हणते."

"भाभी, तुमी अण्णांपेक्षा हट्टी."

हट्ट नाही. एक चूक भट्टीत गेली. भोक पाडलं की तेही परत बुजत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लेक वैशालीनं पुण्याहून मोबाईलवर शोधून दिलं. इंग्लंडात एक जण अजून ह्या रिंगा जुन्या रीतीनं बनवतो. आपल्याकडच्यासारखंच दुकान असावं, पत्र्याचं शेड दिसतं फोटोत. पण त्याला मॅग्नेटोवरचा नंबर हवा, फिरण्याची दिशा हवी, जुन्या रिंगेची मापं हवीत.

मी सातवीपर्यंत. इंग्रजी वैशालीच्याच पुस्तकांतून शिकले, ती शाळेत गेल्यावर. पुढे ह्यांचं गाडीचं मॅन्युअल डिक्शनरी घेऊन दोनदा वाचलं. तेव्हा हे चेष्टा करायचे, "परीक्षेला बसणार आहेस का?" आज बसले. भिंगातून नंबर वाचला. मापं घ्यायचं व्हर्नियर कसं वाचायचं ते एका जुन्या आयटीआयच्या पुस्तकात मिळालं. तडकलेली रिंग तीनदा मोजली. तिन्ही वेळा वेगळं माप.  जेवण करून परत मोजली.

वै. म्हणाली, "आई, एवढं कशाला? काका म्हणतात तसं देऊन टाक ना. त्रास संपेल."
मी म्हणाले, त्रास नाहीये हा.
 मग म्हणाली, "नंबर परत सांग, सावकाश."

२ मार्च, रविवार

इंग्लंडचं उत्तर. मापं बरोबर आहेत म्हणतो. पण पुरेशा मागण्या जमल्या की एकदम घाणा ओततो. पुढचा घाणा एप्रिल अखेरीस. वैशालीनं 'बॅच'चं भाषांतर विचारलं तर मी घाणा म्हणाले. भज्यांचा असतो तसा. हसली. बऱ्याच दिवसांनी.

पैसे पाठवले. पण पाडवा तीस मार्चला आहे.

९ मार्च, रविवार

जामखेडला जाऊन आले. दोन एसट्या बदलून. गफूरभाईंनी पत्ता दिला होता. उत्तमराव, पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर होते, आता रिटायर. आपल्याच गाडीची बहीण त्यांच्याकडे आहे.

गोठ्यात उभी आहे. उभी म्हणजे विटांवर. चाकं नाहीत, टाकीला भोकं, हँडलवर कोंबडी बसलेली. उत्तमरावांनी कोंबडी हाकलली नाही. तिला खाली उतरवलं.

"इंजिन ठीक हाय. किक मारली की ठिणगी पडतीया. दाखवू?"

प्लग काढून बाहेर धरला, किक मारली. निळी ठिणगी. कोंबडी उडाली.

मी रिंगेचं विचारलं. त्यांनी प्लग परत बसवला.

"बाई, तुकडं करून न्हाई देत मी. लई लोक आले. एकाला टाकी पायजे, एकाला दिवा. म्या म्हनलं न्यायची तर अख्खी न्या, न्हाईतर च्या घ्या आन जा."

चहा घेतला. त्यांच्या सूनबाईंनी दिला. मग मी सगळं सांगितलं. डबा, भंगार, जालना. कोणाला सांगायचं नव्हतं ते, पण सांगितलं. चुकीची लाज होती, ती तिथं गोठ्यात जरा कमी वाटली.

उत्तमरावांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "इकत न्हाई. देत बी न्हाई. उसना न्हेता का?"

"उसना?"

"अख्खा मॅग्नेटो. न उघडता. शेजारनीकडनं इरजन न्हेत्यात तसा. पाडव्याच्या आदल्या दिशी परत पायजे. पाडव्याला म्या ठिणगी बघतो, दर वर्सी. मालकीण हुती तवा ती किक मारताना हसायची मला."

त्यांची बायको कधी गेली ते विचारलं नाही. त्यांनीही मला विचारलं नाही.

मॅग्नेटो पिशवीत घालून मांडीवर ठेवला. कंडक्टर म्हणाला, आजी, काय जड आणलंय? मी म्हणाले, विरजण.

१६ मार्च

गफूरभाईंनी बसवला. टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, लावायला अर्धा दिवस. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटच्या दोन टोकांमध्ये धरायचा, चाक फिरवायचं, कागद सुटला की ती जागा. ते चाक फिरवत होते, कागद मी धरला. ह्यांच्या वेळी मी नेहमी लांबून बघायचे. किती हलकं सुटतं ते.

तिसऱ्या किकला चालू. गाईनं दावं ओढलं.

गफूरभाई मिरीपर्यंत जाऊन आले. बंद पडली नाही. मी विचारलं, आवाज कसा आहे? म्हणाले, "अण्णांच्या वक्ताचा."

२९ मार्च, शनिवार. सकाळी, घाईत.

काल भा.सा. आले. इस्त्रीचा शर्ट घालून. स्वतः चालवणार म्हणाले, आणि मी मागे बसायचं. "न्हाईतर म्हनाल, दिरानं मुद्दाम बंद पाडली."

मागे बसले. दीड वर्षानं. हात कुठे ठेवायचा कळेना. शेवटी सीटखालची पट्टी धरली.

अमरापूर गेलं, मिरी गेली. ती रुसायची ती चढण आली, मी डोळे मिटले. चढली. पांढरीपुलावर वळवली, थांबवली नाही, भा.सा. ओरडून म्हणाले, "वहिनी, च्या?" मी म्हणाले, नको, चला. परत येताना उन्हानं इंजिन एवढं तापलं की पायाला झळ लागत होती. तरी बोलत होती.

दारात उतरल्यावर भा.सा.नी टाकीवर हात ठेवला. सासरे ठेवायचे तसा. म्हणाले, "मानलं. हाटेलवाल्याला आत्ताच फोन लावतो."

मोबाईल काढला त्यांनी.

मी गप्प बसले असते तर झालं असतं. वैशालीसुद्धा नंतर हेच म्हणाली. इंग्लंडची रिंग येणारच आहे, महिना-दीड महिन्याचा प्रश्न.

मी म्हणाले, "थांबा. ह्यातला मॅग्नेटो आपला नाही. जामखेडचा उसना आहे. उद्या परत द्यायचा."

"म्हंजी उद्या परत बंद?"
"हो."
"आन आपला?"
"त्याची रिंग यायची आहे. आली, आणि चांगली निघाली, तर."
"तर?"
"तर चालेल."

मग डब्याचंही सांगितलं. इतके दिवस त्यांना माहीत नव्हतं.

भा.सा. ओट्यावर बसले. मोबाईल उलटा ठेवला. गाडीचं इंजिन गार होताना टक् टक् वाजत होतं.

"मंग वहिनी, तुमीच सांगा. ही चालती गाडी का बंद?"

मी म्हणाले, आज चालती, उद्या बंद. पुढचं तुम्ही ठरवा.

"बगू," भा.सा. म्हणाले. हॉटेलवाल्याला काय कळवणार ते सांगितलं नाही. जाताना फाटक ओढून घेतलं, आपटलं नाही.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. भा.सा.चा फोन नाही. मीही केला नाही. गाडी दारातच आहे, बंद.

काल सकाळी धारा काढून झाल्यावर ह्यांच्या पेटीतले पाने घेतले आणि गफूरभाईंना न बोलवता मॅग्नेटो मीच उतरवला. टायमिंगच्या खुणा आधी खडूनं करून घेतल्या. स्वच्छ पुसला, पिशवीत घातला आणि दोन एसट्या बदलून उत्तमरावांना नेऊन दिला.