तापलेल्या कपाटावरचे ठसे

१४ मे १९८४
साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात चोरी. पत्र्याच्या छपराखालचं लोखंडी कपाट — हात लावला तर चटका! आतले तीन मायक्रोमीटर, जाडी मोजायची महागडी मापं, गेले. दुपारभर ठशांची पावडर मारली, एक ठसा उठला नाही. इन्स्पेक्टर खूश. "मालकाचाही नाही, म्हणजे पुसलेत. पुसणारा सराईत." सराईत एकच — तिथलाच लेथवरचा कामगार दत्ताराम, पूर्वी सहा महिने आत जाऊन आलेला. त्याला उचलला. मी रिपोर्टात लिहिलं, 'ठसे पुसलेले दिसतात.' दिसत तर काहीच नव्हतं!

१७ मे
दत्ताराम म्हणतो, "साहेब, मी कपाटाला हातपण नाय लावला." चोरही असंच म्हणतात, साव पण असंच म्हणतात. काय करायचं!

२० मे, रविवार
नीलाचे तीन स्टीलचे डबे घेतले. तिन्हींवर अंगठा उमटवला. एक फडताळात, एक गॅलरीत उन्हात, एक फ्रीजमध्ये. चार तासांनी पावडर. फडताळातला झकास — रेघ न् रेघ! फ्रीजमधल्यावर बाहेर काढताच पाणी धरलं, पावडरीचा चिखल. उन्हातला? कोरा. घाम सुकून गेला, पावडर चिकटणार कशाला? पुसलं तर कोणीच नव्हतं.
नीला म्हणाली, "अहो, माझी तूरडाळ कुठे ओतलीत?" मुलुंडात विज्ञानाची एवढीच कदर.

२१ मे
आमच्या सीनियर अण्णांना सांगितलं. म्हणाले, "रिपोर्ट गेला ना? मग आता डब्यांचं ऐकायचं की साहेबांचं?"
वीस वर्षांत 'पुसलेले' किती वेळा लिहिलं असेल मी? आठवायला बसलो. उठलो.

२४ मे
दुरुस्तीचा रिपोर्ट दिला — 'कपाट तापलेले होते. ठसे न मिळाल्याने काहीच सिद्ध होत नाही.' इन्स्पेक्टर म्हणाला, "तुम्ही आमच्याच बाजूचे ना?"

२ जून
दत्ताराम सुटला! दुसरा पुरावाच नव्हता. पाया पडायला वाकला, मीच मागे सरलो. "तुमच्यामुळे सुटलो, साहेब." दिवसभर छाती फुगवून हिंडलो. अण्णांच्या टेबलासमोरून उगाच दोनदा गेलो.

५ जून
दत्तारामची बायको सुगंधा ऑफिसात आली. ओठ फुटलेला. "मायक्रोमीटर त्यानंच घेतले, साहेब. मला दाखवले पण. अठरा दिवस घरात मार नव्हता. तुमी कशाला मधे पडलात?"
रिपोर्ट बरोबरच होता. हे तिला सांगवेना.