खडकावरून दिसलेलं सांबर

२४ जानेवारी १९६८

शिकारीचं परमिट आलं! एक सांबर, नर, शिंगवालं. आमच्यातल्या सर्वांत जुन्या शिकाऱ्याच्या, चुडामण आबांच्या नावावर, तीन दिवसांचं. झुलाल ठेकेदाराने जीप थेट माझ्या दुकानापुढे उभी केली आणि भर पेठेत ओरडला — "शेठ, चला! तुमच्या डोळ्यांशिवाय आमच्या बंदुका म्हणजे नुसत्या काठ्या!" गिऱ्हाईकं बघत होती. मी 'हळू बोला हो' म्हटलं खरं, पण आतून गुदगुल्या झाल्या. इथे खोटं कशाला लिहू?

आईने ऐकलंच. चार वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा या मंडळींबरोबर गेलो, त्या दिवसापासून तिने तूप सोडलंय. "तू जंगल सोडशील त्या दिवशी धरीन." माझ्यासमोर बसून कोरडी पोळी खाते! आज पुन्हा तेच — "प्रवचनात महाराजसाहेब काय सांगतात? करणं, करवणं, आणि करणाऱ्याला बरं म्हणणं — तिन्हींचं पाप सारखं."

मी म्हटलं, आई, बंदुकीला मी हात लावत नाही. मांस शिजतं तिकडे फिरकत नाही. मी नुसता बघतो. बघण्यात कसलं पाप?

ती पोळी मोडत राहिली.

राजकुंवरने डबा भरलाय. खाकरे, शेव, मेथीच्या पुऱ्या. पाण्याला गाळणं वेगळं. बायको आईच्या बाजूची आहे, पण डबा माझ्या बाजूचा!

२५ जानेवारी

पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी मुक्काम. आम्ही पाच जण — आबा, डॉक्टर देवरे, झुलाल, मी, आणि पाड्यावरचा वना. माग काढण्यात वनाचा हात धरणारा या मुलखात नाही. चिमटीतून राख सोडतो, ती उडते तिकडे वारा. वाऱ्याच्या उलट चालायचं, खोकायचं नाही, विडी नाही. हाका घालून जनावर उठवणं आबांना मान्य नाही. पायी जायचं, जवळ जायचं, एकच गोळी.

आणि आबांचा दुसरा नियम. दर वर्षी पहिल्या दिवशी सांगतात, आजही सांगितला — "जखमी जनावर टाकीसन जो घर जास, तो शिकारी नही, पापी शे." सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. मला काय, माझ्या हातून कोण जखमी होणार?

सूर्य बुडायच्या आत मी एकट्याने माझ्या डब्यातलं जेवून घेतलं. झुलाल म्हणाला, "शेठ कोंबडीच्याही आधी झोपणार!" हसले सगळे. हसू दे. उद्या कळेल.

२६ जानेवारी

आज लिहिताना हात थांबत नाही!

सकाळी दरीच्या कडेला मोठ्या खडकावर बसलो. समोरचा उतार पिवळ्या गवताचा, मध्ये करवंदीच्या जाळ्या. आबांनी पाहिलं, काही नाही. डॉक्टरांनी पाहिलं, काही नाही. वनाने डोळ्यांवर हात धरून सगळा उतार चाळला आणि मान हलवली. उठायच्या बेतात होते सगळे. मी म्हटलं — थांबा.

शिंग दिसलं नव्हतं, पाठही नाही. फक्त रंग चुकला होता. मी बावीस वर्षं कापड विकतोय. शंभर ठाणांच्या थप्पीत दुसऱ्या रंगाचं एक ठाण घुसलं तर ते मला उंबऱ्यातून दिसतं. त्या पिवळ्यात एक पट्टा जरा काळसर होता. दुर्बीण लावली. पट्ट्याच्या टोकाला कान हलला!

मग हळूहळू सगळंच दिसलं. मान, मानेवरची आयाळ, आणि शिंगं — बाप रे! बाभळीच्या फांद्या.

वनाने दुर्बीण घेतली, खूप वेळ पाहिलं, परत दिली. "भाऊना डोया..." एवढंच म्हणाला. पुढचं वाक्य गिळलं. वनाने! जो भल्याभल्यांना 'बरं' म्हणत नाही, त्याने!

अंतर जास्त होतं, वाराही फिरला, म्हणून आज सोडलं. उद्या. आबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. वडील गेल्यापासून अशी थाप कुणी मारली नव्हती. लिहायला लाज वाटते, पण डोळे भरून आले.

२७ जानेवारी

शांतपणे, क्रमाने लिहायला हवं.

मी पहाटेपासून खडकावर. बाकीचे खाली, गवतातून. ठरलं होतं — मी पांढरा रुमाल वर धरला की थांबा, उजवीकडे हलवला की उजवीकडे. दीड तास मी चार माणसांना रुमालाने चालवलं! सांबर माझ्या दुर्बिणीत आणि माणसंही माझ्या दुर्बिणीत. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. असा दिवस पुन्हा येणार नाही.

डॉक्टरांनी बार टाकला. सांबर उसळलं, मागून फरपटलं आणि जाळीत शिरलं. मांडीत लागली होती. डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. "माझा हात हलला हो, हात हलला."

मग माग. रक्ताचे थेंब, मोडलेलं गवत. मी लांबूनच मागे. दुपारपर्यंत माग चालला आणि नाल्याच्या दगडांत हरवला. वना नाल्यातून वर-खाली फिरला, पण हाती काही लागेना. आबा घामाने भिजलेले, सत्तरीला आलेला माणूस. मला म्हणाले, "सुरेशशेठ, आते तुना डोया. खडकवर जाय."

चढलो. दुर्बीण लावली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

नाल्याच्या वळणावर, करवंदीच्या जाळीत. बसलेलं होतं. पाय मागे पसरलेला, बरगड्या खालीवर होत होत्या. मान ताठ. आणि ते माझ्याकडेच बघत होतं. एवढ्या लांबून त्याला मी काय दिसणार? पण बघत होतं.

खालून आबांची हाक — "दिसस का?"

मला आईची कोरडी पोळी दिसली. करवणं. मी बोट दाखवलं की संपलं. आजवर तीन सांबरं मी दाखवली, आणि तिन्ही वेळा पाठ करून डबा उघडला. आज जमेना.

"नाही," मी ओरडलो. "डोंगर चढून पलीकडे गेलं!"

सगळे पलीकडे गेले. अंधार पडेपर्यंत शोधलं. काही मिळालं नाही, मिळणार कुठून! वनाने एकदाच विचारलं, "पलीकडं? माग त नही." मी म्हटलं, मी डोळ्यांनी पाहिलं.

वाचवला! एक जीव वाचवला मी! जनावर चाटून जखम बरी करतं, लहानपणापासून ऐकत आलोय. नाला जवळ आहे, पाणी आहे, चारा आहे. महिन्याभरात उभं राहील. सगळ्यांचे डोळे बघण्याचे. माझे एकट्याचे न बघण्याचेही!

२८ जानेवारी

परतलो. आबा आले नाहीत. "जखमी टाकीसन मी घर येऊ?" म्हणाले आणि वनाला घेऊन दोन दिवस मागे राहिले, पलीकडच्या डोंगरात शोधायला. म्हातारा उगाच पाय तोडतोय. वाईट वाटलं, पण सांगणार कसं?

आईला सांगितलं. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. जखम, नाला, जाळी, 'नाही' म्हणालो ते.

तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मी छत्तीस वर्षांचा बाप्या! "आता जाणार नाहीस?" शपथ घेतली. दुर्बीण कपाटात, चावी तिच्या कनवटीला.

३० जानेवारी

आईने मंदिरात माझ्या नावाने कबुतरांना जोंधळे घातले. शेजारच्या कुसुमलता मावशींना म्हणत होती, "माझ्या सुरेशने अभयदान दिलं." मी ओट्यावर उभा राहून ऐकत होतो. सरकलो नाही. पूर्ण ऐकलं.

झुलाल पेठेत भेटला. "शेठ, तुमचा डोळा यंदा चुकला की हो!" मी हसलो. चुकला म्हण बाबा. जग काही म्हणो.

२ फेब्रुवारी

आज आईच्या पोळीवर तूप. चार वर्षांनी! राजकुंवर वाढताना रडली.

५ फेब्रुवारी

बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. आज सगळ्यांशी गोड बोललो. लुगडं घ्यायला आलेल्या एका म्हातारीला चोळखण असाच दिला. माणूस सुखी असला की हात सैल होतो.

६ फेब्रुवारी

वना आला. दुकानात चढला नाही, पायरीखालीच उभा राहिला. परवा कावळे दिसले म्हणून नाल्याच्या वळणावर गेला होता.

"मी गऊ तवय जित्ता व्हता, भाऊ. नऊ दिन. जखममा किडा. कुऱ्हाडघाई मारना पडना."

मी म्हटलं, अरेरे. मला तर तेव्हा दिसलं नाही रे.

मग तो म्हणाला, "त्या खडकवरथीन ती जागा बठ्ठी दिसस. मी बशीसन देखं."

चहा सांगितला. तो घेतला नाही, गेला.

आईने जेवायला हाक मारली. ताटावर बसलो. तिने विचारलं, कोण आलं होतं? म्हटलं, कुणी नाही. तिच्या पोळीवर तूप मीच वाढलं.